आत १८४८ लिहिलंय म्हणून भुलू नका: काचेच्या पेपरवेटवरची कारखान्याची खूण ओळखण्याची पद्धत

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानात जुनं काचेचं पेपरवेट हातात घेतलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं: 'अंदर देखो साब, एटीन फॉर्टी एट लिखा है.' आणि खरंच, फुलाफुलांच्या गर्दीत बारीक आकड्यांत ते वर्ष सापडतं. अडचण इतकीच की पेपरवेटच्या दुनियेत १८४८ इतकं खरं आणि इतकं फसवं वर्ष दुसरं नाही. फ्रान्समधल्या दोन नामांकित कारखान्यांनी त्या वर्षी ते खरोखर घातलं, आणि पुढे इंग्लंडपासून बोहेमियापर्यंत इतरांनीही तोच आकडा आपल्या मालात बसवला. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी काच तपासायची, मग तळ, मग नक्षी. या तिघांची साक्ष जुळली तर खूण वाचायची.

खूण असते कुठे?

खुणा चार प्रकारच्या. पहिली काचेच्या आत, नक्षीतच बसवलेली. दुसरी तळावर: आम्लाने उठवलेला शिक्का किंवा कोरलेली सही. तिसरी तळाच्या मध्यभागी गरम काचेवर दाबलेला ठसा. चौथी म्हणजे कागदाचं किंवा चमकीचं लेबल.

आतली खूण समजायची तर नक्षी जिच्या तुकड्यांनी रचतात ती काचेची कांडी कशी बनते ते माहीत हवं. अळूवडीचा उंडा आठवा. उंडा एकदा वळला की कुठूनही कापा, प्रत्येक वडीत तोच वेटोळा. काचेची कांडी तशीच. रंगीत काचेचे थर साच्यात घालून जाड गोळा बनवतात, तो तापवून दोन कारागीर दोन दिशांना चालत जात ओढतात, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लांब कांडीत तीच नक्षी बारीक होऊन उतरते. मग तिचे तुकडे पाडून उभे रचायचे. अशा अनेक कांड्यांच्या नक्षीला इटालियनमध्ये मिल्लेफिओरी म्हणतात, म्हणजे हजार फुलं. अक्षरं आणि आकडेही याच पद्धतीने कांडीत घडवतात. यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. कांडीचा तुकडा चुकून उलटा बसला तर अक्षर आरशातल्यासारखं दिसतं. त्यामुळे उलटं अक्षर म्हणजे नकली माल असं समजू नका, अस्सल मालातही ते घडतं.

लागणारं सामान

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, बारीक झोताची एलईडी बॅटरी, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पाण्याचं रुंद भांडं, लसूण ज्यात मिळतो ती प्लॅस्टिकची जाळी, काळं सुती कापड, मऊ पेन्सिल, पातळ कागद, आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी. ३९५ ची स्वस्त बॅटरी घेऊ नका. तिचा जांभळा उजेडच इतका पसरतो की काचेची स्वतःची चमक त्यात बुडून जाते.

साफसफाई, आणि हिरवं बनात

घरातल्या नळाच्या साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब पुरतो. गरम पाणी नको. एसीच्या खोलीतून आणलेलं पेपरवेट लगेच कोमट पाण्यातही घालू नका. जाड काचेचं बाहेरचं कातडं आधी प्रसरण पावतं, गाभा गारच राहतो, आणि त्या ताणाने आतून तडा जातो. अर्धा तास खोलीत राहू द्या. तळावर कागदी लेबल असेल तर तो भाग पाण्यात बुडवायचाच नाही.

फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या कचेऱ्यांतून निघालेल्या पेपरवेटांच्या तळाला बरेचदा हिरवं बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेलं असतं. पंख्याखाली कागद दाबायचे आणि टेबलाच्या पॉलिशवर ओरखडे नकोत, म्हणून केलेली ती सोय. खूण नेमकी त्याखाली दडते. विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारून एक कोपरा उचलून बघा. खाली लेबल दिसलं तर तिथेच थांबा. लेबल नसेल तर घरी आणून तळ साध्या पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवा, जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने बनात सोलून काढा, उरलेला डिंक सर्जिकल स्पिरिटने पुसा. ब्लेड वापरू नका. ब्लेडचे ओरखडे पुढे तळाची झीज तपासताना घोटाळा करतात.

काचेचं वजन काय सांगतं

हातात घेतल्याबरोबर गालाला लावा. काच गार लागते, रेझिन किंवा अ‍ॅक्रिलिक नाही. तिथेच निम्मा खोटा माल गळतो.

मग घनता मोजा. कारखान्याची छाननी करायला याहून स्वस्त आणि भरवशाची चाचणी नाही, तरी ती फारसं कुणी करत नाही. काट्यावर पेपरवेट कोरडं तोला. समजा ४१२ ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. पेपरवेट लसणाच्या जाळीत घालून दोऱ्याने असं लोंबकळत सोडा की ते पूर्ण बुडेल, पण भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा चढेल तितके घनसेंटिमीटर पेपरवेटचं आकारमान. आकडा १३३ आला तर ४१२ भागिले १३३, म्हणजे जवळपास ३.१. आकडा १६५ आला तर २.५.

साधी सोडा-चुन्याची काच २.५ च्या आसपास असते. शिसं घातलेली क्रिस्टल काच २.९ च्या पुढे जाते, भरपूर शिसं असेल तर ३.१ किंवा थोडी वर. बॅकारा आणि सॅं-लुई या फ्रेंच कारखान्यांचा जुना माल शिशाच्या काचेचा, म्हणून जड. तिसरा नामांकित फ्रेंच कारखाना क्लिशी, त्याची काच सहसा यांच्याहून हलकी. आत 'बी १८४८' ही बॅकाराची खूण असेल आणि घनता २.५ निघत असेल, तर पुढे बोलायची गरज नाही.

ही चाचणी चुकते कुठे? जाळीला किंवा काचेला बुडबुडे चिकटले तर आकारमान जास्त भरतं आणि घनता कमी दिसते. पाण्यात बुडवल्यावर पेपरवेट हलकेच फिरवा, बुडबुडे सुटतात. आत मोठी हवेची पोकळी असेल तरी घनता कमी येते. दोनदा मोजा. दोन्ही उत्तरांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर काहीतरी टेकतंय.

व्यासही लिहून ठेवा. साधारण ५ सेंमीपेक्षा लहान ते मिनिएचर, ८ सेंमीच्या वर गेलं की मॅग्नम. मधला सगळा नेहमीचा आकार.

तळ वाचायचा कसा

पेपरवेट घडवताना ते लोखंडी दांड्याला चिकटवून धरतात. या दांड्याला पाँटिल म्हणतात. काम झाल्यावर ते तोडलं की तळाला खडबडीत खूण राहते. चांगले कारखाने ती घासून गुळगुळीत खळगा करत. स्वस्त मालात ती तशीच सोडलेली असते, किंवा तळ नुसता सपाट घासलेला असतो. बॅकाराच्या जुन्या फुलांच्या पेपरवेटांच्या तळाला पुष्कळदा अनेक टोकांचा तारा कापलेला असतो.

झीज पाहा. शंभर-दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या पेपरवेटच्या तळाच्या कडेलाच, जिथे ते टेकतं तिथे, बारीक ओरखडे असतात. ते लांब-आखूड, सगळ्या दिशांना पसरलेले, एकावर एक. सॅंडपेपरने म्हातारा केलेला माल लगेच ओळखू येतो: ओरखडे एका दिशेला, एका जाडीचे, आणि खळग्याच्या आतसुद्धा. खळग्याचा आतला भाग टेबलाला कधी टेकतच नाही, मग तो झिजेल कसा?

याउलट दीडशे वर्षांचं म्हणून सांगितलेल्या पेपरवेटचा तळ आरशासारखा लखलखीत असेल तर तो नव्याने पॉलिश केलाय. पॉलिश हा गुन्हा नाही. पण त्यात उथळ शिक्का आणि सही पुसली जाते, घुमट उतरून नक्षी कडेला सरकल्यासारखी दिसते, आणि किंमत घटते.

आम्लाने उठवलेला शिक्का फार पुसट असतो. उजेडात सरळ धरून तो दिसणार नाही. तळावर तोंडाची वाफ सोडा, काळ्या कापडावर धरा आणि बॅटरी अगदी आडव्या कोनात मारा. वाफ विरताना शिक्क्याचा भाग वेगळ्या वेगाने सुकतो आणि क्षणभर स्पष्ट होतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत वाफ लवकर विरत नाही, त्यामुळे हे काम जून ते सप्टेंबरात सोपं जातं. एवढाच पावसाळ्याचा फायदा! कोरलेल्या सहीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी घासा, अक्षरं कागदावर उतरतात.

कारखान्यांनुसार

बॅकारा. फ्रान्सच्या लोरेन भागातला १७६४ पासूनचा कारखाना. जुन्या पेपरवेटांत रोमन 'बी' आणि त्याखाली वर्ष: १८४६, १८४७, १८४८, १८४९. त्यातलं १८४८ सगळ्यात जास्त मिळतं, त्यामागोमाग १८४७. १८४६ आणि १८४९ दुर्मीळ. आकडे वेगवेगळ्या रंगांत, लाल, निळे, हिरवे, आणि खुणेची कांडी बहुधा मध्यभागी नसून बाजूला, इतर कांड्यांच्या गर्दीत. काहींत 'बी' नसतो, नुसतं वर्ष असतं. कोंबडा, हरीण, कुत्रा, हत्ती अशा प्राण्यांच्या काळ्या-पांढऱ्या छायाकृती असलेल्या कांड्या दिसल्या तर त्यांना ग्रिदेल कांड्या म्हणतात. बॅकाराच्या ओळखीसाठी त्या तारखेइतक्याच उपयोगी पडतात.

तळावर वर्तुळात मद्यपात्र, त्याच्या बाजूंना दोन पेले आणि कारखान्याचं नाव असा शिक्का असेल तर तोही बॅकाराचाच, पण तो १९३६ नंतरचा. इथे पुष्कळजण घसरतात. आत १८४८ आणि तळावर हा शिक्का अशी जोडी विकायला आली तर दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. बॅकाराने १९५० च्या दशकात पेपरवेटं पुन्हा बनवायला घेतली. त्या मालाला स्वतःची किंमत आहे, फक्त ती १८४८ ची नव्हे.

सॅं-लुई. 'एसएल' वर, वर्ष खाली. वर्षं १८४५ ते १८४९. इथेही १८४८ च जास्त, १८४५ हाताला लागणं कठीण. १९५३ नंतरच्या आधुनिक मालातही 'एसएल' आणि वर्षाची कांडी असते, पण वर्ष त्या त्या काळाचं.

क्लिशीवर वर्ष शोधत बसू नका. असलाच तर एकटा 'सी', किंवा फारच क्वचित कारखान्याचं पूर्ण नाव. क्लिशीची ओळख म्हणजे गुलाबाची कांडी, पाकळ्यांच्या वेटोळ्यांचं छोटं फूल. त्यावर विसंबूनही निकाल देता येत नाही, कारण गुलाब इतरांनीही बनवले. गुलाब, हलकी घनता आणि कांड्यांचा एकूण बाज, तिन्ही जुळले तरच क्लिशी म्हणा. आणि हे लक्षात असू द्या की या तिन्ही कारखान्यांचा बहुतांश जुना माल खुणेविनाच आहे. 'खूण नाही म्हणजे खोटं' हे जितकं चूक, तितकंच 'खूण नाही पण बॅकाराच' हेही.

व्हेनिसजवळच्या मुरानोत पिएत्रो बिगालियाने १८४५ ची तारीख घातलेली पेपरवेटं बनवली, ती संग्रहालयाची वस्तू. आज बाजारात मुरानोच्या नावाने मिळतो तो विसाव्या शतकातला माल. त्यावर बहुधा कसलीच खूण नसते, फार तर चमकीचं लेबल असतं, आणि लेबल एका वस्तूवरून दुसरीवर जायला दोन मिनिटं लागतात. लेबलवर अतिनील बॅटरी मारा. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं निळसर-पांढरी झगमगतात. एकोणिसाव्या शतकाचं म्हणून सांगितलेलं लेबल असं झगमगलं तर ते नंतरचं. लेबलभोवती किंवा काचेच्या कडेला फटफटीत चमक दिसली तर तिथे आधुनिक गोंद आहे.

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड ग्लास कंपनीच्या पेपरवेटांत १८५२ ची कांडी आढळते. काहींत ती १८२५ अशी आहे. आकड्यांची अदलाबदल झालेली. त्यामुळे '१८२५ चं, जगातलं सगळ्यात जुनं' असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

आता १८४८ चा दुसरा घोळ. एकात एक वर्तुळांत मांडलेल्या ठसठशीत कांड्या, त्यात '१८४८' चे आकडे, आणि बरेचदा पेपरवेटऐवजी शाईची दौत, बुचातही तीच नक्षी. हा माल वर्षानुवर्षं लंडनच्या व्हाइटफ्रायर्सचा, एकोणिसाव्या शतकाचा म्हणून विकला गेला. आता जाणकार तो विसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी बनवल्याचं मानतात. खऱ्या व्हाइटफ्रायर्सची खूण म्हणजे पांढऱ्या झग्यातल्या साधूची कांडी, सोबत वर्ष. तो कारखाना १९८० साली बंद पडला आणि नाव स्कॉटलंडच्या केथनेस ग्लासने घेतलं. त्यानंतरच्या वर्षाचा साधू दिसला तर तो केथनेसचा.

मुंबईत फ्रेंच मालापेक्षा स्कॉटिश माल सापडण्याची शक्यता जास्त, आणि तो ओळखायला सोपा. पॉल यझार्ट, जन्म १९०४ बार्सिलोनाचा, काम सगळं स्कॉटलंडचं. त्याची खूण 'पीवाय' कांडी. बनावट 'पीवाय' कांड्याही बाजारात आलेल्या आहेत, म्हणून नुसत्या दोन अक्षरांवर पैसे मोजू नका. पर्थशर पेपरवेट्स हा क्रीफ गावचा १९६८ ते २००२ पर्यंतचा कारखाना. खूण 'पी', सोबत वर्ष किंवा अक्षर. क्रीफचाच स्ट्रॅथअर्न, १९६४ ते १९८०: 'एस' कांडी किंवा तळाच्या मध्यभागी उडी मारणाऱ्या सामन माशाचा ठसा. हा ठसा बोटालाही लागतो. केथनेसच्या तळावर नाव, नमुन्याचं नाव आणि मर्यादित आवृत्तीचा क्रमांक कोरलेला असतो. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट स्टुडिओच्या जुन्या मालाच्या तळाला ज्योतीसारखा ठसा. अमेरिकन चार्ल्स कझ्यून सोन्याच्या पत्र्यातला 'के' आत घालत असे.

फिरोजाबादचा माल वेगळा सांगायला नको. सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं ठेवलेली, बुडबुड्यांचं फूल आणि तळाशी रंगीत चुरा असलेली ती पेपरवेटं सोडा काचेची, किंचित हिरवट आणि खुणेविना असतात. १९३० च्या सुमारास चीनमध्ये बनलेल्या फ्रेंच-अमेरिकन नकलाही हलक्या काचेच्या, थोड्या पिवळट, हाताला तेलकट लागणाऱ्या. आठवण म्हणून घ्या, बॅकाराच्या भावात घेऊ नका.

आतली कांडी वाचताना

घुमट स्वतःच भिंगाचं काम करतो, त्यामुळे कडेची कांडी ताणलेली आणि वाकडी दिसते. उपाय सोपा: काचेच्या सपाट तळाच्या भांड्यात पेपरवेट पाण्यात बुडवा आणि वरून पाहा. पाण्यामुळे घुमटाचा वाकडेपणा बराच कमी होतो, पैलू पाडलेल्या पेपरवेटात तर फरक लगेच कळतो. फोटोही असाच काढा. मग घड्याळाच्या बारा वाजल्यापासून सुरू करून एकेक कांडी भिंगाखाली घ्या, एक फेरी बाहेरची, मग आतली. आकडे अर्थातच इंग्रजी असतात. ३ आणि ८, १ आणि ७ यांत गोंधळ होतो, तेव्हा दोन वेगवेगळ्या कोनांतून वाचा.

खुणेची कांडी बाकीच्या कांड्यांच्या पातळीतच, त्यांच्याइतकीच खोल बसलेली असायला हवी. ती तळाजवळ एकटीच, भोवती बुडबुड्यांची किंवा गढूळ कड असेल, तर ती नंतर बसवलेली असण्याची शंका घ्या. सगळ्या बाजूंनी पाहताना चंद्रकोरीच्या आकाराचे आतले तडे दिसतात का तेही टिपा. पेपरवेट पडल्याची ती खूण.

शेवटी एक कार्ड भरा: व्यास, वजन, घनता, तळाचा प्रकार, खुणेचं चित्र, तिची जागा, कुठून कितीला घेतलं. पेपरवेट खिडकीच्या कठड्यावर ठेवू नका. घुमट ऊन एका बिंदूवर गोळा करतो आणि खालचा कागद किंवा लाकूड जळू शकतं. आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याने ती अँटिक्विटी होते. परदेशातल्या भावाला किंवा ग्राहकाला ती पार्सलने पाठवता येत नाही. वय शंभरच्या आत असेल पण दिसायला जुनी असेल, तर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती अँटिक्विटी नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर कस्टममध्ये अडकते. तिथेही तुमचं कार्ड आणि पाण्यातले फोटो कामाला येतात.